तांडेलाचा नकार



चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती, की आम्ही कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू. तो विषय आम्ही टाकणार नाही. टाकू म्हटले तरी तो आम्हाला सोडणार नाही. परंतु आज त्याच्याकडे जरा आडवाटेने जायचे आहे. या उन्हाळ्याच्या संध्याकाळी आम्ही आपल्याला डिसेंबरातल्या एका सहलीची हकीकत सांगणार आहोत. सहल एका दिवसाची होती, ती दोन दिवसांची झाली. कोणी बुडाले नाही, कोणी दगावले नाही, वर्तमानपत्रात एखादी ओळ यावी असेही काही घडले नाही. तरी ती सहल आमच्या मनातून जात नाही. तिच्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती चार लोकांपुढे बोलून दाखवावी असे वाटले, म्हणून हा विषय घेतला.

या व्यासपीठावर प्राध्यापक, वकील, संपादक बोलून गेले. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले तेव्हा आम्ही सतरा वर्षांचे होतो. बंदराच्या मागे जी कंटेनरची आवारे उभी राहिली, त्यांत आम्ही आधी माल उचलला, मग माल मोजला, आणि मग माल उचलणाऱ्यांची बाजू मांडू लागलो. कायद्याची पुस्तके आम्ही रात्री, गावच्या वाचनालयातून आणून वाचली. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

आता सहलीकडे वळू. साल २०१७. त्या वर्षी दत्तजयंती ३ डिसेंबरला, रविवारी आली होती. चौलच्या दत्ताच्या डोंगराची जत्रा आपणांस सांगायला नको. दत्तजयंतीपासून ती पाच दिवस चालते. आमच्या एका आवारातील कंत्राटी माणसांची सुटी सोमवारी असे. त्यांनी ठरवले, की सोमवारी ४ तारखेला करंज्याहून लाँचने रेवसला उतरायचे, तिथून एस.टी.ने चौलला जायचे, देवदर्शन आणि जत्रा करून संध्याकाळच्या लाँचने घरी परतायचे. चाळीस माणसे जमली. त्यांतली एकतीस मोठी, नऊ लहान. वर्गणी काढली ती जाण्यायेण्याच्या भाड्याची आणि एका जेवणाची. रुपया न् रुपया मोजलेला. उशीर झाला तर काय, मुक्काम करावा लागला तर काय, याचा एक पैसाही त्या हिशेबात नव्हता. हिशेब आम्हीच केला होता.

वादळाची बातमी नव्हती असे नाही. ओखी नावाचे वादळ नोव्हेंबरच्या अखेरीस कन्याकुमारीच्या बाजूने अरबी समुद्रात शिरले होते. ओखी म्हणजे बंगालीत डोळा. केरळ आणि तामिळनाडूचे शेकडो मच्छिमार त्यात गेले किंवा बेपत्ता झाले. त्यांच्याच ६८ होड्या ९५२ माणसांसह लोटत लोटत आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला येऊन लागल्या होत्या. हे सारे आम्ही वाचले होते. पण ते वाचताना, हे तिकडचे, दक्षिणेकडचे, असे आम्ही मनाशी धरले. शिवाय डिसेंबरचा महिना. नारळी पौर्णिमेला नारळ दिला की दर्या आपला, ही समजूत किनाऱ्यावर वाढलेल्या प्रत्येकाच्या हाडीमाशी मुरलेली असते. हिवाळ्यात कसले आले आहे वादळ?

ही समजूत किती पोकळ आहे ते आम्ही पुढे तारखा जुळवल्यावर कळले. अरबी समुद्रात वादळाचे हंगाम दोन. एक पावसाळ्याच्या तोंडाशी, दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन आगबोटी एकाच वादळात, एकाच दिवशी बुडाल्या, ती तारीख होती ११ नोव्हेंबर १९२७. दिवाळी होऊन गेली होती. त्यानंतर ८२ वर्षांनी, त्याच ११ नोव्हेंबरला, २००९ साली, फयान वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. म्हणजे आपल्या दाराशी हिवाळ्याच्या तोंडावर दर्या खवळतो हे काही नवल नव्हे. पण दोन वादळांच्या मध्ये बरीच वर्षे जातात, तेवढ्यात एक पिढी विसरते आणि दुसरी नारळ वाहून मोकळी होते.

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही करंज्याहून निघालो. आभाळ भरलेले होते आणि हवेत थंडीऐवजी एक प्रकारचा दमटपणा होता. पण खाडीचे पाणी संथ. लाँच पंधरा-वीस मिनिटांत रेवसला लागली. मुलांना लाँच फार लवकर संपली म्हणून वाईट वाटले. चौलला पायऱ्या चढलो, दर्शन घेतले, जत्रेत फिरलो. बायकांनी बांगड्या घेतल्या, मुलांनी पिपाण्या घेतल्या. दुपारनंतर वारा सुटला. दुकानांच्या कनाती फडफडू लागल्या आणि दुकानदार दोऱ्या आवळू लागले. तेव्हा आम्ही घाई केली आणि साडेचारच्या पुढे रेवसच्या धक्क्यावर येऊन पोचलो.

लाँच धक्क्याला होती. पण तांडेल तिच्यावर नव्हता. लाँचवर त्याला सारंग म्हणतात, पण आमच्या भागात तोंडी तांडेलच. तो धक्क्यावर एका खुंटापाशी उकिडवा बसून खाडीच्या मुखाकडे बघत होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. आम्ही विचारले, “कधी सुटणार?” तो म्हणाला, “आज नाय सुटनार दादा. पानी बरा नाय.”

आम्हाला पाणी काही फारसे वाईट दिसले नाही. धक्क्याजवळ तर ते बऱ्यापैकी सपाट होते. पण त्याने बोटाने दाखवले. मुखापाशी, जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे, पांढऱ्या रेघा उठत होत्या आणि मोडत होत्या. यातले शास्त्र आम्हाला नंतर कळले, ते असे. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, म्हणून उधाणाचे दिवस. दुपारी भरती होऊन गेली, आणि संध्याकाळी ओहोटी जोरात लागली. धरमतरच्या एवढ्या मोठ्या खाडीचे सारे पाणी एकाच तोंडातून समुद्राकडे धावत होते. आणि समुद्राकडून वादळाने उठवलेल्या लाटा त्याच तोंडातून आत यायला बघत होत्या. पाणी एकीकडे आणि लाट दुसरीकडे असली, की लाट आखूड होते, उंच होते आणि जागच्या जागी फुटते. सकाळी भरती होती, तेव्हा पाणी आणि लाट एकाच दिशेने चालली होती, म्हणून आम्हाला खाडी संथ वाटली. खाडी तीच आणि लाँचही तीच, पण आठ तासांत सारा मामला उलटा झाला होता. तांडेलाला हे पुस्तकातून ठाऊक नव्हते. त्याला ते दिसत होते.

बंधुभगिनींनो, यानंतर अर्धा तास आम्ही जे केले ते सांगताना आम्हाला संकोच वाटतो. पण ते सांगण्यासाठीच आम्ही आलो आहोत.

आमच्यातील सात जणांची रात्री अकराची पाळी होती. बाकीच्यांची दुसऱ्या दिवशी सकाळची. कंत्राटदाराचा नियम असा, की सुटीला जोडून खाडा पडला तर सुटीचाही पगार जायचा आणि महिन्याचा हजेरी-भत्ताही जायचा. शिवाय कंत्राटी माणसाचा खाडा म्हणजे नुसता पगाराचा प्रश्न नसतो. दारात दुसरा उभाच असतो. तेव्हा त्या सात जणांचे चेहरे उतरले आणि ते आमच्याकडे बघू लागले. पुढारी म्हणून आम्ही पुढे झालो.

आधी विनवणी केली. मग म्हटले, दुप्पट भाडे देऊ, आणि तिथल्या तिथे टोपी फिरवून पैसे गोळा केले. मग म्हटले, लहान मुले आहेत, बायका आहेत, त्यांनी जायचे कुठे? त्यावर तो एवढेच म्हणाला, “म्हनूनच नाय.” मग आमच्यातला एक तरणा पोरगा भडकला आणि त्याला भेकड म्हणाला. त्या पोराला आम्ही गप्प केले नाही. इतकेच नव्हे, तर लाँचच्या मालकाचा नंबर मिळवून त्याला फोन आम्हीच लावला. मालक आमच्याशी बोलला, मग त्याने फोन तांडेलाला द्यायला सांगितले. तो काय बोलला ते ऐकू आले नाही. तांडेल दोनदा “व्हय” म्हणाला आणि एकदा “नाय” म्हणाला. फोन परत दिला, लाँचवर चढला, आणि आम्हाला वाटले की निघाला. त्याने आणखी एक दोर काढून लाँच धक्क्याला दुहेरी बांधली आणि खलाशाला घेऊन गावाकडे चालू लागला.

त्या दिवशी बंदरावरून लाँच बंद ठेवण्याचा हुकूम आला होता की नव्हता, हे आम्ही विचारलेही नाही. आम्हाला पलीकडे जायचे होते. वीस वर्षे आम्ही आवारातल्या माणसांना शिकवत आलो होतो, की तुटकी साखळी दिसली तर कंटेनरखाली उभे राहू नका, मुकादम ओरडला तरी उभे राहू नका. “वरून काय येतेय ते मुकादमाच्या डोक्यावर येणार नाही, तुमच्या येणार आहे,” हे वाक्य आमच्या भाषणांत कायमचे. आणि इथे एक कष्टकरी माणूस तेच आमच्या तोंडावर करत होता, तेव्हा मुकादम आम्ही झालो होतो. मुकादम जी साधने वापरतो ती सगळी आम्ही वापरली. पैसा, बायकामुलांचे निमित्त, शिवी, आणि शेवटी मालकाला फोन.

रात्रीचे थोडक्यात सांगतो. गावातल्या लोकांनी शाळेची पडवी उघडून दिली. अंधार पडला तसा पाऊस सुरू झाला आणि वीज गेली. कोळी बायकांनी दोन मोठ्या टोपांत भात आणि सुक्या बोंबलाचे कालवण आणून दिले. ज्यांचा मार्गशीर्ष होता त्यांच्यासाठी वेगळे वरण होते. पैसे विचारले तर त्यांनी हात झटकले. रात्रभर वारा कौलांवरून जात राहिला. मुले थंडीने आणि भीतीने जागी राहिली. एका मुलीला ताप भरला. सात माणसे भिंतीला टेकून बसली होती; अकरा वाजले तेव्हा त्यांतल्या एकाने घड्याळ बघितले आणि पुन्हा खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी भर पावसात एस.टी. पकडून पेण, पनवेल असा वळसा घालून आम्ही दुपारी उरणला पोचलो. खाडीवरच्या ज्या पुलाचे बोलणे चाळीस वर्षे ऐकत आलो, तो असता तर हा वळसा पडला नसता; पण तो विषय निराळा. त्याच ५ तारखेच्या रात्री ओखी वादळ सुरतेजवळ किनाऱ्याला लागता लागता विरून गेले.

आमच्यातले काही जण लगेच ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर गेले. शिवाजी पार्कावरचे मांडव चिखलात होते. महानगरपालिकेने आसपासच्या शाळा उघडून लोकांची राहण्याची सोय केली होती. आमची माणसे परत येऊन म्हणाली, आपल्याला रेवसच्या लोकांनी शाळा उघडली आणि यांना मुंबईने उघडली. ही गोष्ट लहान वाटली तरी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वादळात माणसाने थांबायचे ठरवले तर त्याला टेकायला जागा आणि जेवायला अन्न कोणीतरी द्यावे लागते. थांबण्याला खर्च असतो. तो कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे.

आमच्यापुरता तो खर्च असा निघाला. रात्रपाळीला न पोचलेल्या सातांपैकी दोघांना कंत्राटदाराने हजेरीपटावरून काढून टाकले. त्या दोघांसाठी आम्ही भांडलो. अर्ज केले, कामगार कचेरीत चौदा वेळा गेलो, दारात सभा घेतली. एक जण आठ महिन्यांनी परत कामावर लागला. दुसरा तोवर टेंपो चालवू लागला होता. या लढ्याचा आम्हाला अभिमान होता, आणि तो आम्ही भाषणांतून सांगतही असू.

पुढच्या वर्षी दत्तजयंतीला पुन्हा लाँचने निघालो, तर चाकावर दुसराच माणूस. खलाशी जुना होता. त्याला विचारले तेव्हा कळले, की त्या तांडेलाला मालकाने त्याच आठवड्यात उतरवले. त्या संध्याकाळची फेरी बुडाली, दुप्पट भाडे बुडाले, आणि प्रवाशांचा फोन आला म्हणून अब्रूही गेली, असे मालकाचे म्हणणे. म्हणजे आम्ही लावलेला फोन त्याच्या पोटावर आला होता. आमच्या दोन माणसांसाठी आम्ही चौदा वेळा कचेरीत गेलो. ज्याने चाळीस जणांना खाडीत नेले नाही, त्याचे पुढे काय झाले हे विचारायला वर्षभरात एकदाही गेलो नाही.

तो करंज्याच्या बंदरावर जाळी विणताना सापडला. आम्ही म्हटले, “आम्हाला कळवायचे तरी होते.” तो म्हणाला, “काय कलवू दादा? तुम्ही रागावूनच गेला व्हता.” त्यात टोमणा नव्हता. नोकरी गेल्याचे त्याला फार वाटत नव्हते. दुसरेच एक वाटत होते. मालकाने चार ठिकाणी असे सांगितले होते, की त्या दिवशी तांडेल प्यालेला होता म्हणून लाँच सुटली नाही. “मी पिऊन व्हतो की नव्हतो, तुम्ही बघितला ना? तेवढा लिहून द्या.”

आम्ही ते लिहिले. तारीख, वेळ, वारा, पाणी, आणि ‘सदर इसम पूर्ण शुद्धीवर होता व त्याने लाँच न सोडण्याचा घेतलेला निर्णय योग्य होता’ असे वाक्य. त्यावर सह्या घेत फिरलो. एकतीसपैकी एकोणतीस मिळाल्या. दोघांनी दिल्या नाहीत. त्यांचे लाँचच्या मालकाशी नात्याचे आणि देण्याघेण्याचे संबंध होते, आणि त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्या पोराने भेकड म्हटले होते, त्याने सही केली आणि कागद स्वतः नेऊन दिला. मालकाने तो वाचलाही नाही. तांडेलाने त्याला प्लॅस्टिक चढवून घरात ठेवला. पुढच्या हंगामात दुसऱ्या एका मालकाने त्याला लाँचवर घेतले. त्या कागदाचा काही उपयोग झाला की नाही, ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

श्रोतेहो, आता आपण म्हणाल, की त्या दिवशी लाँच सुटली असती तर बुडालीच असती कशावरून? हा प्रश्न रास्त आहे. लाँचा अशा पाण्यातून जातातही. कदाचित आम्ही ओले होऊन, घाबरून, पण सुखरूप पोचलो असतो, दोघांची नोकरी वाचली असती आणि तांडेलाचीही. याला उत्तर नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे. झालेला अपघात दाखवता येतो, टळलेला दाखवता येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट सातशेंहून अधिक माणसे घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी लागली तेव्हा दुपार कलली होती. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी दर्यात लोटून माणसे घेतली, असे जुने लोक सांगतात. ती बोट आपण विसरलो नाही आणि विसरू नये. पण त्याच्या आधी आणि नंतर, वारा बघून कोणी तांडेलाने बोट सोडली नसेल आणि लोकांनी त्याला शिव्या दिल्या असतील, त्या दिवसाची नोंद कुठे आहे? त्या माणसाचे नाव कुठे आहे? बुडालेल्यांची यादी करता येते. न बुडालेल्यांची कोण करणार?

म्हणून नकार देणारा माणूस नेहमी पुराव्याविना उभा असतो. त्याचा नकार बरोबर ठरला की काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही की लोक म्हणतात, बघा, उगाच थांबवले. कारखान्यात हेच, खाणीत हेच, लाँचवर हेच. भोपाळच्या कारखान्यातील धोक्यांबद्दल तिथल्या कामगार संघटनांनी आधी तक्रारी केल्या होत्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला तेव्हा जगाला त्या तक्रारींचा अर्थ कळला. मग १९८७ साली कारखाना कायद्यात ४१-एच हे कलम घातले गेले. धोका अगदी जवळ आला आहे असे कामगाराला वाटले तर त्याने तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणावा आणि निरीक्षकालाही कळवावा, असा हक्क त्यात दिला. २०२० च्या संहितेतही असा कळवण्याचा हक्क आहे. चांगली गोष्ट आहे. पण नीट वाचा. हा हक्क सांगण्याचा आहे. थांबण्याचा तो स्पष्ट शब्दांत नाही. १९८१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने १५५ क्रमांकाचा करार केला, त्याच्या तेराव्या कलमात एक पाऊल पुढे टाकले आहे: प्राणावर बेतणाऱ्या धोक्यापासून कामगार रास्त कारणाने बाजूला झाला, तर त्याचे वाईट परिणाम त्याला भोगावे लागू नयेत. आमच्या तांडेलाने जे केले ते या कलमातच बसते. त्याला भोगावे लागले ते मात्र कलमाबाहेरचे.

बंदरांवर धोक्याचे बावटे लावतात ते आपण पाहतो. एकपासून अकरापर्यंत त्यांचे क्रमांक आहेत. पहिले दोन सांगतात, वादळ दूर आहे. तिसरा-चौथा सांगतो, बंदरालाच धोका संभवतो. पुढे धोका वाढत दहापर्यंत जातो. अकरावा निराळा. हवामान कचेरीशी संपर्कच तुटला आहे, असा त्याचा अर्थ. आम्हाला वाटते, आपला मालक आणि चाकावरचा माणूस, आपला पुढारी आणि पाळीवरचा माणूस, यांच्यामध्ये हा अकरावा बावटा पुष्कळदा लागलेला असतो. पाणी बघणारा एक, आणि हुकूम देणारा दुसरा.

आणि केवळ मालकाला बोल लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. वादळ नसतानाही माणसे जातात. १८ डिसेंबर २०२४ रोजी, स्वच्छ हवेत, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची वेगाने फिरणारी बोट आदळली आणि १५ जण दगावले. प्रत्येकाने तरंगते जॅकेट घातलेच पाहिजे ही सक्ती त्यानंतर झाली. आज आपण लाँचवर चढलो, की उकडते म्हणून तेच जॅकेट काढून मांडीवर ठेवतो, आणि खलाशाने टोकले तर त्याच्याशी वाद घालतो. म्हणजे नकार ऐकून घेण्याची सवय प्रवाशालाही लावून घ्यावी लागेल.

आमच्या संघटनेने यातून जे थोडे केले ते सांगतो आणि पुरे करतो. आता कोणत्याही सहलीच्या वर्गणीत एका मुक्कामाचे पैसे वेगळे काढले जातात. वहीत त्यांचे नाव ‘थांबण्याचे पैसे’ असेच आहे. न लागले तर ते पुढच्या सहलीला जातात. सहलीत अडकून कोणाचा खाडा पडला तर त्याची मजुरी त्यातून भरतो. आणि लाँच, एस.टी., टेंपो, कशाचाही चालक ‘आज नाही’ म्हणाला, तर त्याच्याशी घासाघीस करायची नाही. उलट त्याचे नाव, तारीख आणि वेळ वहीत लिहून, खाली सह्या करून, त्याची एक प्रत जागच्या जागी त्याच्या हातात द्यायची, असा ठराव आहे. हा ठराव आम्हीच मांडला, आणि का मांडतो तेही सभेला सांगितले. आजपर्यंत अशा तीन प्रती दिल्या आहेत. त्यांपैकी एक घाटात गाडी न घालणाऱ्या एस.टी. चालकाला दिली. तो कागद बघून आधी घाबरला. त्याला वाटले, आम्ही त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून दिली आहे.

आपल्यापैकी अनेकांचे खाडीपलीकडे जाणेयेणे असते. एखाद्या दिवशी धक्क्यावर लाँच बांधलेली दिसेल आणि तांडेल खुंटापाशी बसलेला असेल. त्या दिवशी आपल्याला फार घाई असेल, कारण घाई नेहमी त्याच दिवशी असते. तेव्हा त्याच्या शेजारी दोन मिनिटे बसावे आणि तो जिकडे बघतो आहे तिकडे बघावे, एवढीच आमची विनंती आहे.